जंगलाचा श्वास मोजायचा कसा: पाईपचं कडं, टोप आणि चढाची रेघ

'एक झाड दिवसाला इतके सिलिंडर ऑक्सिजन देतं' असे फलक साताऱ्यापासून सांगलीपर्यंत वृक्षारोपणाच्या प्रत्येक कार्यक्रमात दिसतात. त्यामागे मोजणी क्वचितच असते. पानं दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात, हे खरं. पण मुळं, बुरशी, जिवाणू आणि कुजणारा पाचोळा दिवसरात्र उलटा व्यवहार करत असतात. वाढ थांबत आलेल्या जुन्या रानात या दोन बाजू जवळपास फिटतात. आपलं रान कुठल्या बाजूला झुकलंय हे फलकावरून नाही, यंत्रावरून कळतं. कमी खर्चात सुरुवात करायची असेल तर ती जमिनीपासून करावी. रानातून परत हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा मातीतूनच येतो, आणि तो मोजायला झाडांच्या शेंड्यांवर जाणारा यंत्रांचा मनोरा लागत नाही.

पद्धत सोपी आहे. जमिनीच्या एका तुकड्यावर टोप उपडा घालायचा, आतला कार्बन डायऑक्साइड सेकंदाला किती पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत किती भागांनी) चढतो ते नोंदवायचं आणि त्या चढावरून प्रवाह, म्हणजे चौरस मीटर जमिनीतून सेकंदाला किती वायू निघतो ते, काढायचा. घोळ होतो तो तपशिलात.

कडं आणि टोप

शेतीच्या पाईपलाइनसाठी मिळणारा २०० मिमीचा पीव्हीसी पाईप घ्या. हा आकडा बाहेरचा व्यास आहे; आतला पाईपच्या जाडीनुसार बदलतो, म्हणून प्रत्येक तुकडा मोजा. पुढच्या गणितात तो १९ सेंमी धरला आहे. जमिनीत रोवून ठेवायची आणि मोजताना टोप ज्यांवर बसवायचा ती ८ सेंमी उंचीची कडी कापा आणि एका कडेला कानसीने धार काढा. कडं जमिनीत ३ सेंमीच बसवा. जास्त खोल ठोकलं तर वरच्या थरातली बारीक मुळं तुटतात: आधी ती कुजून आकडा फुगवतात, मग त्यांचा श्वास बंद झाल्याने तो घटतो. महाबळेश्वर किंवा कासच्या जांभ्यावर कडं ठोकून आत जातच नाही. तिथे विळ्याने गोल चर पाडून कडं ठेवावं आणि बाहेरून त्याच जागेच्या ओल्या मातीने लिंपावं. बसवल्यावर निदान दोन दिवस, जमल्यास आठवडाभर हात लावू नका. आतलं गवत मोजणीच्या आदल्या दिवशी कात्रीने कापा, उपटू नका.

टोपासाठी त्याच पाईपचा १६ सेंमीचा तुकडा आणि वर घट्ट चिकटवलेलं झाकण. कडं आणि टोप यांच्यातली फट ही या कामाची सगळ्यात मोठी डोकेदुखी. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाच्या जुन्या ट्यूबचा रुंद पट्टा टोपाच्या खालच्या कडेवर ताणून बसवा; टोप ठेवल्यावर तो कड्यावर उलटा दुमडला की हवा अडते.

झाकणाला १० ते १५ सेंमी लांबीची बारीक नळी लावा, सलाईनची चालते. ती नसेल तर टोप ठेवताना आतली हवा दाबली जाते आणि मातीतला वायू काही क्षण मागे ढकलला जातो. नळीचं तोंड वाऱ्यात उभं ठेवू नका. वाऱ्याने तोंडाशी ओढ निर्माण होते, टोपातला दाब घटतो आणि मातीतून जास्तीचा वायू ओढला जातो. तोंड खाली, जमिनीलगत, आडोशाला असावं. आत ४० मिमीचा छोटा पंखा हळू गतीने आणि आडवा फिरू द्या. तोंड खाली करून फुल्ल सोडलेला पंखा मोजणी करत नाही, माती उपसतो.

सेन्सर

इन्फ्रारेड पद्धतीचा सेन्सर घ्या. सेन्सिरियनचा एससीडी३० किंवा सेन्सएअरचा के३० आर्डुइनो या छोट्या संगणक-पाटीला जोडता येतो आणि दर दोन सेकंदांनी आकडा देतो. अचूकता ३० पीपीएम अधिक वाचनाच्या ३ टक्के, एवढीच. आपल्याला मात्र मूळ आकडा नको, चढ हवा. सगळ्या वाचनांत सारखी असलेली चूक चढात उतरत नाही. सोबत हवेचा दाब, तापमान आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर हवेतच. त्यांच्याशिवाय पुढचं गणित करता येत नाही.

स्वयंचलित कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरने आपला आकडा आपणच जुळवून घेण्याची सोय, बंद करा. ती सोय असं धरून चालते की सेन्सरला अधूनमधून ४०० पीपीएमच्या आसपासची मोकळी हवा मिळते. टोपात किंवा दाट रानात रात्रभर ठेवलेल्या सेन्सरला ती मिळत नाही, मग तो भलत्याच पातळीला मोकळी हवा समजू लागतो. त्यापेक्षा दुपारी वाऱ्याच्या उघड्या माळावर वाचन घेऊन पाहावं: सध्या ते ४२५ च्या जवळपास यायला हवं. तपासताना सेन्सरवर वाकू नका. आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो.

दुसरी तपासणी जास्त मोलाची आहे. टोप कड्यासकट सपाट काचेवर ठेवा, खालची कड ग्रीस लावून बंद करा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने ५ मिली शुद्ध कार्बन डायऑक्साइड आत सोडा. वेल्डिंगच्या दुकानात तो मिळतो, फक्त आर्गॉन मिसळलेला नाही ना ते विचारून घ्या. कडं काचेवर पूर्ण ८ सेंमी उभं राहतं, म्हणजे आतली उंची २४ सेंमी आणि घनफळ सुमारे ६.८ लिटर. आकडा साधारण ७३५ पीपीएमने चढायला हवा. कमी चढला तर टोप गळतोय, किंवा सेन्सर कमी दाखवतोय, किंवा घनफळ मोजण्यात चूक आहे. मग दहा मिनिटं तसंच ठेवा: आकडा घसरत राहिला तर गळती, स्थिर राहिला तर उरलेल्या दोघांपैकी एक.

प्रत्यक्ष मोजणी

कड्याशी जाण्याआधी कड्याच्या कडेपासून आतल्या मातीपर्यंतची खोली चार ठिकाणी मोजून सरासरी घ्या. टोप उघडा धरून वाऱ्यात झटका, आकडा बाहेरच्या हवेइतका येऊ द्या. मग अलगद ठेवा, ट्यूब दुमडा आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला दोन-तीन मीटर सरका. कड्याशेजारी पाय देऊ नका. पायाच्या दाबाने मातीतला वायू पिळून वर येतो.

तीन मिनिटं नोंद घ्या. पहिली ४० सेकंदं टाकून द्या, कारण सेन्सरला बदल पोचायलाच वीसेक सेकंद लागतात. ४० ते १६० सेकंदांमधल्या बिंदूंतून सरळ रेघ काढा; स्प्रेडशीटमधलं स्लोप हे सूत्र पुरतं. रेघेचा आर-वर्ग (बिंदू रेघेला किती चिकटून आहेत याचं माप; पूर्ण चिकटले तर १) ०.९८ च्या खाली गेला तर ते वाचन बाद. टोप जास्त वेळ ठेवण्याचा मोह टाळा. आत वायू साठला की माती आणि हवा यांतला फरक घटतो, रेघ वाकते आणि प्रवाह कमी दिसतो.

गणित असं: प्रवाह = चढ × दाब × घनफळ ÷ (८.३१४ × तापमान × क्षेत्रफळ). दाब पास्कलमध्ये, तापमान केल्व्हिनमध्ये. समजा महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, दाब ८६० हेक्टोपास्कल म्हणजे ८६,००० पास्कल आहे आणि हवा २२ अंश, म्हणजे २९५ केल्व्हिन. एक घनमीटर हवेत ३५.१ मोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक) झाले. टोप १६ आणि कड्याचा वरचा भाग ५, अशी आतली उंची २१ सेंमी. घनफळ भागिले क्षेत्रफळ म्हणजे ०.२१ मीटर. चढ सेकंदाला ०.५ पीपीएम असेल तर प्रवाह ०.५ × ३५.१ × ०.२१, म्हणजे चौरस मीटरला सेकंदाला सुमारे ३.७ मायक्रोमोल. हाच वेग दिवसभर राहिला तर चौरस मीटरमागे ३.८ ग्रॅम कार्बन हवेत गेला.

समुद्रसपाटीचा दाब टाकून हेच गणित केलं तर ४.३ येतं, १८ टक्के जास्त. इथे एक गंमत आहे. इन्फ्रारेड सेन्सर मुळात रेणू मोजतो, त्यामुळे उंचीची दुरुस्ती दिली नसेल तर विरळ हवेत तो पीपीएम कमी दाखवतो. म्हणजे दाब दोन्हीकडे विसरला तर दोन चुका एकमेकींना बऱ्यापैकी खाऊन टाकतात, आणि एकीकडेच दुरुस्त केला तर उत्तर बिघडतं. दोन्ही दुरुस्त करा. योगायोगाने बरोबर आलेला आकडा सांगली जिल्ह्यातल्या, कमी उंचीवरच्या सागरेश्वरला नेला की फसवतो.

बाष्पाचंही तसंच. टोपात माती वाफ सोडते आणि बाकीचे वायू पातळ होतात. बाष्पदाब १५ वरून २० हेक्टोपास्कल झाला तर ४५० पीपीएममधले सुमारे अडीच पीपीएम नुसत्या पातळपणाने जातात. दोन मिनिटांत ६० पीपीएम चढत असतील तर ही चार टक्क्यांची चूक. म्हणून प्रत्येक वाचनाला आधी (१ − बाष्पदाब ÷ एकूण दाब) ने भागा, मग रेघ काढा.

कुठे आणि केव्हा

एका कड्यावरून रानाबद्दल बोलू नये. शेजारशेजारच्या दोन कड्यांत दुपटीचा फरक पडू शकतो. एका जागी आठ-दहा कडी लागतात, आणि ती सोयीची जागा पाहून नव्हे, दोरी टाकून ठरावीक अंतरावर. महाबळेश्वरच्या जांभूळ, अंजनी, पिशाच्या रानात काही बुंध्याजवळ येतील, काही मोकळ्यावर; तसंच हवं. वारूळ किंवा खेकड्याचं बीळ कड्यात आलं तर त्याची वेगळी नोंद ठेवा, गुपचूप वगळू नका. रानडुकरं आणि गवे कडी हलवतात, म्हणून दर वेळी मातीची लिंपण पाहा.

एकच फेरी शक्य असेल तर सकाळी ९ ते ११ ही वेळ दिवसाच्या सरासरीच्या जवळ जाते. प्रत्येक वाचनासोबत १० सेंमी खोलीवरचं मातीचं तापमान घ्या, आणि ओलाव्यासाठी कड्याबाहेरची मूठभर माती १०५ अंशांवर २४ तास वाळवून वजनातला फरक.

आपल्याकडे ओलावा तापमानाला झाकून टाकतो. एप्रिलमध्ये माती सर्वांत तापलेली, तरी सागरेश्वरच्या कोरड्या पानगळी रानात प्रवाह खाली असतो, कारण जिवाणूंना पाणीच नाही. मग वळीव पडतो आणि काही तासांत प्रवाह उसळतो. कोरड्या मातीला ओल मिळाली की असा उसासा निघतो हे एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये मांडलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला जाणाऱ्याच्या हाती हा उसासा लागत नाही आणि वर्षाची बेरीज कमी भरते. वळवाच्या दुसऱ्या दिवशी जायची तयारी ठेवा. जुलैत उलट घडतं: मातीच्या पोकळ्या पाण्याने भरतात, वायूला वाट राहत नाही. त्या धुक्यात सेन्सरच्या आतल्या भिंतीवर दव धरतं आणि आकडे वेडेवाकडे उडतात, म्हणून सेन्सर पाणी अडवणाऱ्या पातळ टेफ्लॉन पडद्यामागे ठेवा.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे कडं रोवायचं तर वनविभागाची लेखी परवानगी आधी. देवराईत गावाचं आणि गुरवाचं विचारल्याशिवाय खिळाही ठोकू नये.

पानांची बाजू

रोपं आणि कारवीसारखी झुडपं पारदर्शक टोपाखाली येतात. उजेडात आकडा घसरतो; मग टोपावर काळं कापड टाकून पुन्हा मोजा. दोन्ही चढांतला फरक म्हणजे एकूण प्रकाशसंश्लेषण. पारदर्शक टोप उन्हात भराभर तापतो, म्हणून ६० ते ९० सेकंदांत काम आटपा.

पूर्ण झाड टोपाखाली घेता येत नाही. तिथे एडी कोव्हेरियन्स: शेंड्यांच्या वर मनोरा, तिन्ही दिशांचा वारा मोजणारं ध्वनियंत्र आणि वायू विश्लेषक, सेकंदाला १० ते २० वेळा. वर जाणाऱ्या झुळकीत कार्बन डायऑक्साइड जास्त की खाली येणाऱ्या, याचा अर्ध्या तासाचा हिशेब म्हणजे प्रवाह. वाऱ्याच्या दिशेला काही शे मीटर सपाट, एकसारखं रान ही त्याची अट, आणि सह्याद्रीत नेमकी तीच मिळत नाही. रात्री थंड हवा उतारावरून वेण्णा-कोयनेच्या खोऱ्यात ओघळते आणि कार्बन डायऑक्साइड आडवा घेऊन जाते. मनोऱ्याला तो दिसत नाही, रान आहे त्यापेक्षा जास्त कार्बन शोषतंय असं वाटतं. मंद वाऱ्याच्या रात्री वगळून ही चूक थोडी आवरते. मनोऱ्याच्या रात्रीच्या आकड्यांना ताडून पाहायला जमिनीवरची कडी लागतातच.

ऑक्सिजन

टोपात ऑक्सिजन सेन्सर बसवून दोन्ही एकदम मोजू, हा विचार सगळ्यांनाच सुचतो आणि तो चालत नाही. हवेत ऑक्सिजन सुमारे २,०९,५०० पीपीएम. कार्बन डायऑक्साइड १०० ने चढला तर ऑक्सिजन साधारण ११० ने उतरेल. दुकानात मिळणाऱ्या गॅल्व्हॅनिक सेन्सरची सगळ्यात बारीक पायरी ०.१ टक्का, म्हणजे १,००० पीपीएम. वर बाष्पदाब ५ हेक्टोपास्कलने वाढला तर नुसत्या पातळपणाने ऑक्सिजन १,२०० पीपीएमने कमी दिसतो, खऱ्या बदलाच्या दहापटीहून जास्त.

त्यावर उपाय म्हणजे बदलच मोठा करणं. एक लिटरच्या काचेच्या बरणीत ५० ग्रॅम ओलसर पाचोळा भरा, झाकणात ऑक्सिजन सेन्सर आणि रबरी बूच बसवून हवाबंद करा आणि अंधारात ठेवा. बरणी पाण्याच्या टबात असावी, पाणी अर्ध्या अंशापेक्षा जास्त हलू नये. एका अंशाने सेन्सरचं वाचन ०.०७ टक्क्याने सरकतं. पहिलं वाचन तासाभराने, आतली हवा बाष्पाने भरल्यावर. ऑक्सिजन दीड-दोन टक्के उतरला की थांबा. मग बुचातून सिरिंजने ५० मिली हवा काढून काचेवर ठेवलेल्या त्याच टोपात सोडा: बरणीत एक टक्का कार्बन डायऑक्साइड असेल तर टोपात सुमारे ७० पीपीएम चढ दिसेल. शेजारी रिकामी बरणी तशीच चालवा, म्हणजे सेन्सरचा स्वतःचा सरक कळतो.

एका कार्बन डायऑक्साइडमागे १.० ते १.१ ऑक्सिजन खर्च झाला तर सरळ कुजणं चालू आहे. लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) आणि मेणचट भाग जास्त असतील तर गुणोत्तर वर सरकतं. १.० च्या बरंच खाली आलं तर ओला लगदा मध्यभागी हवेविना आंबतोय. पाचोळा मोकळा करून पुन्हा लावा. पाचोळ्याऐवजी माती लावणार असाल तर जांभ्यावरची आम्लधर्मी माती बरी. पूर्वेकडच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत कार्बन डायऑक्साइडचा काही भाग पाण्यात बायकार्बोनेट होऊन अडकतो, आणि गुणोत्तर १.३ आलं तरी त्यातलं किती कुजण्याचं आणि किती चुन्याचं हे बरणी सांगत नाही.