एकेरी जमेना म्हणून दुहेरी?

‘तू दुहेरीवर जोर दे,’ असं टेनिसच्या सरांनी सांगितलं तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि पुढचे दोन दिवस कोर्टवर फिरकलोच नाही. ज्याचं एकेरीत काही खरं नाही तो दुहेरी खेळतो, असा आमच्यातला सरळ हिशेब होता. फ्युचर्स या सर्वांत खालच्या व्यावसायिक स्पर्धांच्या पात्रता फेरीत मी हरत होतो, म्हणजे सरांचं चुकत नव्हतं. पण झोंबलं.

डोकं ठिकाणावर आलं जानेवारी २०१२ मध्ये. ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष दुहेरीची अंतिम लढत होती, समोर अमेरिकेचे जुळे ब्रायन बंधू. होस्टेलच्या टीव्हीपुढे सगळे जमले होते ते लिअँडर पेससाठी. त्याला तेवढंच एक ग्रँड स्लॅम दुहेरीत मिळालेलं नव्हतं. ७-६, ६-२ असा निकाल लागला आणि पेसच्या नावाने एकच गलका झाला. मी मात्र त्याच्या ३३ वर्षांच्या चेक जोडीदाराकडे बघत राहिलो होतो. राडेक स्टेपानेक. रिटर्न (समोरच्याच्या सर्व्हिसला दिलेला परतीचा फटका) मारला की नेटकडे, सर्व्हिस केली की नेटकडे. गडी मागे थांबायलाच तयार नाही!

मग त्याची कारकीर्द उकरून काढली. २००२ मध्येच तो यिरी नोवाकबरोबर अमेरिकन ओपनच्या दुहेरीत अंतिम फेरीत पोचला होता (हरवलं कोणी, तर आपल्या महेश भूपतीने, मॅक्स मिर्नीच्या साथीने). एकेरीतलं पहिलं एटीपी (पुरुषांची मुख्य व्यावसायिक मालिका) विजेतेपद मात्र थेट २००६ मध्ये, रॉटरडॅमला, वयाच्या २७व्या वर्षी. त्याच वर्षी तो एकेरीत जगात आठवा झाला. दुहेरीतला सर्वोत्तम क्रमांक, चौथा, २०१२ मधला. म्हणजे दुहेरीने त्याची एकेरी खाल्ली नाही. नेटवर घोटलेला हात दोन्हीकडे चालला.

म्हणून नव्यांना पहिलं सांगणं: रिटर्न सुधारा. एकेरीत खोल, मध्यावर पडणारा रिटर्न चालून जातो. दुहेरीत नेटवरचा गडी तोच चेंडू आडवा येऊन संपवतो. चेंडू नेटच्या जरा वरून, धावत येणाऱ्या सर्व्हरच्या पायाशी पडला पाहिजे. मला हे जमायला दीड वर्ष लागलं. रोज शंभर रिटर्न मारायचो, तेही समोर कोणाला तरी नेटवर उभं करून. रिकाम्या कोर्टवर ही सवय लागत नाही.

दुसरं, जोडीदार. प्रवेश दोघांच्या क्रमवारीची बेरीज करून ठरतो, त्यामुळे वरच्या क्रमांकाच्या पोरांना सगळेच विचारतात. आमच्या वेळी स्पर्धेच्या ठिकाणी सही करायच्या कागदाजवळ लग्न जुळवल्यासारखी गडबड असायची. मी एकदा केवळ क्रमवारी बघून एकाशी जोडी जमवली. आम्हा दोघांनाही डाव्या बाजूनेच रिटर्न करायचा होता. ४५ मिनिटांत घरी. पेसने अनेकदा चेक जोडीदार निवडले, त्यातले तीन: मार्टिन डॅम, लुकास द्लूही आणि स्टेपानेक. तिघांबरोबरही ग्रँड स्लॅम जिंकलं. स्टेपानेकबरोबर २०१३ चं अमेरिकन ओपनसुद्धा.

पैशाचं उघड बोलतो. दुहेरीचं बक्षीस एकेरीपेक्षा बरंच कमी, त्यात दोन वाटे. खालच्या स्तरावर जिंकूनही खोलीभाडं कसंबसं सुटतं. घरच्यांना हे आधीच सांगा.

आणि एकेरी सोडू नका, निदान पहिली काही वर्षं. नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रागला डेव्हिस कप या देशांच्या सांघिक स्पर्धेत चेक संघाची अंतिम लढत स्पेनशी होती. स्टेपानेक शुक्रवारी फेररकडून एकेरी हरला, शनिवारी बर्डिचबरोबर दुहेरी जिंकला आणि रविवारी पाच सामन्यांच्या लढतीत २-२ अशी बरोबरी असताना अल्माग्रोला हरवून त्याने कप मिळवून दिला. पुढच्या वर्षी बेलग्रेडला सर्बियाविरुद्धही निर्णायक पाचवा सामना त्यानेच जिंकला.

रिओ ऑलिंपिकमध्ये मात्र त्याने माझी गोची केली. २०१६, मिश्र दुहेरीच्या कांस्यपदकाचा सामना, तो आणि लुसी ह्रादेत्स्का एकीकडे, सानिया मिर्झा आणि रोहन बोपण्णा दुसरीकडे. ६-१, ७-५. चेक जोडीने पदक नेलं. तेव्हा मी पोरांना शिकवायला लागलो होतो. दुसऱ्या दिवशी सरावाला एकाने विचारलं, ‘सर, काल तुम्ही नक्की कोणाकडून होता?’ मी त्याला नेटवर उभं केलं आणि सर्व्हिस करायला गेलो.