धुरात सापडलेल्या मुलाचं सॅच्युरेशन: ९९ दिसलं तरी मास्क काढू नका

लहान मुलांच्या कॅज्युअल्टीत माझी बरीच वर्षं गेली. हे लिहितेय ते नव्याने लागलेल्या सिस्टर-ब्रदरांसाठी, त्यातही तालुक्याच्या दवाखान्यात रात्रपाळीला एकटे असणाऱ्यांसाठी. घरी वाचणाऱ्या आईबापांना एकच सांगते. आगीच्या किंवा शेगडीच्या धुरातून काढलेल्या मुलाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, घरच्या ऑक्सिमीटरवर तपासत बसू नका. मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा. अंगावर भाजल्याची खूण नाही म्हणजे मूल ठीक आहे, असंही धरू नका. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्यातली बरीचशी धुराने गुदमरून गेली.

मूल दारातून आत आलं की आधी ऑक्सिजन, मग मोजमाप. रिझर्व्हॉयर बॅगचा मास्क घ्यायचा आणि फ्लो मिनिटाला १० ते १५ लिटर ठेवायचा. मास्क लावण्याआधी झडप बोटाने दाबून बॅग फुगवून घ्या. मूल श्वास घेताना बॅग पूर्ण चपटी होत असेल तर फ्लो कमी पडतोय. ऑक्सिजन सुरू केल्याची वेळ केसपेपरवर लिहा. ती वेळ पुढे लागणार आहे, आणि नेमकी तीच कोणी लिहीत नाही.

मग प्रोब, म्हणजे ऑक्सिमीटरचा बोटावर बसणारा भाग. मुलाची बोटं काजळीने माखलेली असतात, थंडगार पडलेली असतात. ओल्या गॉझने पुसा, हातात धरून जरा ऊब द्या. नेलपॉलिश, मेंदी असेल तर दुसरं बोट शोधा. तान्ह्या बाळाला मोठ्यांची चिमट्याची प्रोब लावायची नाही. गुंडाळायची प्रोब तळपायाला लावा, दिवा आणि सेन्सर समोरासमोर येतील अशी. हात भाजले असतील तर पायाचा अंगठा. चार-पाच वर्षांच्या मुलाला मी विचारते, "सांग रे बाळा, लाल दिवा कुठल्या बोटाला लावू?" बोट त्याने निवडलं की तो ते निम्मा वेळ तरी स्थिर ठेवतो. आकड्याआधी मॉनिटरवरची नाडीची लाट बघा. लाट नीट आणि एकसारखी हवी, आणि ऑक्सिमीटरवरचे ठोके तुम्ही हाताने मोजलेल्या नाडीशी जुळायला हवेत. जुळत नसतील तर ते रीडिंग लिहूच नका.

आता खरी गोम. सगळं बरोबर लावलंत, लाट सुरेख आली, आकडा ९९ आला, तरी धुरातल्या मुलाच्या बाबतीत तो आकडा खोटा असू शकतो. साधा ऑक्सिमीटर दोन प्रकाश टाकतो, साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा इन्फ्रारेड. एवढ्यावर त्याला ऑक्सिजनवालं आणि बिनऑक्सिजनचं हिमोग्लोबिन वेगळं करता येतं. कार्बन मोनॉक्साइड (धुरातला विषारी वायू) चिकटलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाशात जवळपास ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. एसटी लांबून भरलेली दिसते, पण आत तिकीटवाले किती आणि फुकटे किती ते कळत नाही, तसंच. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. त्यामुळे मुलाच्या रक्तात २५ टक्के कार्बन मोनॉक्साइड असेल तर खरं ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन फार तर ७५ टक्के उरतं, आणि मॉनिटर मात्र ९८ दाखवत राहतो. उलट आकडा कमी आला तर तो खराच समजून धावपळ करा.

खरं मोजायचं तर रक्त को-ऑक्सिमीटरवर घालावं लागतं. तो बऱ्याच तरंगलांबी वापरून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजतो. आपल्याकडे एबीजीची (रक्तातले वायू तपासायची) काही मशिन्स को-ऑक्सिमीटरसकट येतात, काही त्याशिवाय. ज्यात तो नसतो ते मशिन सॅच्युरेशन मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनच्या दाबावरून हिशेब करून छापतं. हा दाब कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेतही नॉर्मल येतो, म्हणून छापलेलं सॅच्युरेशनही झकास येतं. रिपोर्टवर सीओएचबीची (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनची) ओळ आहे का, ते बघा. ओळच नसेल तर तुमचं मशिन या कामाचं नाही. लॅबवाल्यांना हे आजच विचारून ठेवा. आग लागल्यावर रात्री दोनला विचारण्यात अर्थ नाही.

यासाठी धमनीत सुई खुपसायची गरज नसते, शिरेतलं रक्त चालतं. सलाइन लावतानाच हेपरिनच्या सिरिंजमध्ये थोडं काढून घ्या. बुडबुडा काढा, टोपण लावा, हळूच फिरवा आणि लगेच पाठवा. फॉर्मवर तीन गोष्टींची वेळ लिहा: धुरातून कधी काढलं, ऑक्सिजन कधी सुरू झाला, रक्त कधी घेतलं. साध्या हवेत सीओएचबीची पातळी निम्मी व्हायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास. म्हणजे ॲम्ब्युलन्समध्ये दीड तास मास्क लावून आलेल्या मुलात ८ टक्के निघाले तर सुरुवातीला १६ च्या आसपास असणार. वेळ लिहिली नाही तर डॉक्टर ८ बघून निर्धास्त होतील. तीन महिन्यांखालच्या बाळांत गर्भातल्या हिमोग्लोबिनमुळे काही मशिनवर हा आकडा उगाच वाढलेला येतो, तेव्हा बाळाचं वय फॉर्मवर ठळक लिहा.

त्याच रक्तात लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन वापरता येत नसला की वाढणारा घटक) बघा. फोमची गादी, नायलॉन, प्लास्टिक जळलं की सायनाइडही तयार होतं, आणि त्यात सॅच्युरेशन काहीच सांगत नाही. मूल सुस्त, बीपी उतरलेलं आणि लॅक्टेट ८ ते १० च्या वर असेल तर डॉक्टरांना झोपेतून उठवा. हायड्रॉक्सोकोबालमिन (सायनाइडवरचा उतारा) द्यायचं ठरलं तर आधी रक्त काढून ठेवा. ते औषध लालभडक असतं, त्यानंतर को-ऑक्सिमीटरची रीडिंग्ज बिघडतात.

पहिल्या दिवसात मॉनिटरपेक्षा मुलाकडे बघा. आवाज बसणं, श्वास घेताना घशात घरघर, नाकातले केस करपलेले, थुंकीत काजळी, बरगड्या आत ओढल्या जाणं. मुलांची श्वासनलिका अरुंद, तिला थोडी सूज आली तरी वाट बंद होते, आणि सॅच्युरेशन पडतं ते सगळ्यात शेवटी.

मास्क काढायचा तो डॉक्टरांनी सांगितल्यावरच. सीओएचबी ५ टक्क्यांखाली आणि मूल पूर्ण शुद्धीत, डोकेदुखी-उलटी थांबलेली, हे दोन्ही हवं. तोवर कोणी "सॅच्युरेशन छान आहे, आता नेझलवर (नाकातल्या नळीवर) घ्या" म्हणालं तर रिपोर्ट मागा.

तुमच्याकडे को-ऑक्सिमीटर नसेल तर रिपोर्टसाठी थांबू नका. मास्क तसाच ठेवून मूल पुढे पाठवा, आणि फोनवर "सॅच्युरेशन ९९, पण को-ऑक्सिमीटरवर तपासलेलं नाही" असं स्पष्ट सांगा. निघण्याआधी सिलिंडरचा हिशेब करा. भरलेल्या बी टाइपमध्ये साधारण दीड हजार लिटर असतो, १२ लिटरच्या फ्लोवर तो दोन तास पुरतो. काटा अर्ध्यावर असेल तर एकच तास. घाटात ट्रॅफिक लागू शकतं, तेव्हा दुसरा सिलिंडर आणि त्याची चावी गाडीत चढल्याचं स्वतः बघा.