रेन फेअरला वाटायला काय बनवायचं? लवंगेची पुरचुंडी आणि पाच लूपची दोरी

रेन फेअर म्हणजे रेनेसान्स फेअर, पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपच्या वेशात लोक रमतात ती जत्रा. पहिल्यांदा टेक्सासच्या रेनेसान्स फेस्टिव्हलला गेले तेव्हा गेटपासून वीस पावलांवर परीच्या वेशातल्या एका मुलीने काही न बोलता माझ्या तळहातावर एक निळा काचेचा खडा ठेवला आणि निघून गेली. तो खडा अजून माझ्या देवघराशेजारच्या वाटीत आहे. आपल्याकडे संक्रांतीला वाण लुटतात ना, तोच भाव आहे हा, फक्त इथे याला ट्रिंकेट म्हणतात, आणि एखाद्या नाइटला, म्हणजे चिलखत घातलेल्या योद्ध्याला, झुंजीआधी दिलेली रिबन किंवा कापडाची पट्टी असेल तर फेवर. या फेअर अमेरिकेत 1963 पासून सुरू आहेत, पहिली फिलिस आणि रॉन पॅटरसन या जोडप्याने लॉस एंजेलिसमध्ये भरवली, आमची टेक्सासची टॉड मिशनला 1974 पासून. आणि हाताने केलेली छोटी वस्तू देण्याची पद्धत इथल्या नेहमीच्या लोकांनी मनापासून जपलीय.

आता काय बनवायचं. मी सगळ्यांना एकच सांगते, जी वस्तू कमरेच्या पट्ट्याला किंवा टोपलीला बांधता येईल तीच बनवा. लोक दिवसभर चालतात, खिसे नसतात, नुसता खडा हरवतो. दोरी असली की वस्तू टिकते. म्हणून माझी आवडती गोष्ट म्हणजे लवंगेची पुरचुंडी. युरोपात त्या काळी अंगाजवळ सुगंधी मसाले बाळगायची रीत होती, आणि लवंग तिकडे पोचायची ती आशियातून, समुद्रमार्गे, त्यामुळे आपण मराठी माणसाने ती द्यावी यात मला खरंच अर्थ वाटतो.

दहा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा घ्या. लिनन चालेल, मी उरलेला खण वापरते कारण तो लांबून ओळखू येतो. आतून तेवढाच मलमलचा तुकडा ठेवा, नाहीतर लवंगेचं तेल उतरून खणावर डाग पडतात, माझ्या पहिल्या बारा पुरचुंड्यांवर असे पडले आणि सगळ्या पुन्हा नव्याने करायला लागल्या. मध्ये आठ-दहा अख्ख्या लवंगा आणि चमचाभर सुकी लॅव्हेंडर, चारी टोकं वर घ्यायची, मानेशी साध्या दोऱ्याने घट्ट आवळायचं आणि त्यावरून दोरी बांधायची.

दोरी मात्र विकतची नको. ती बोटांवर विणायची, यालाच फिंगरलूप म्हणतात, आणि याच्या कृती पंधराव्या शतकातल्या इंग्रजी हस्तलिखितांत लिहिलेल्या आहेत, ब्रिटिश लायब्ररीतलं हार्ली 2320 त्यातलंच एक. मशीन नको, सुई नको, दोन हात आणि दाराची कडी पुरते.

पर्ल कॉटन नंबर 5, म्हणजे भरतकामाचा पीळदार चकचकीत दोरा, घ्या. सव्वाशे सेंटिमीटरचे पाच धागे कापा, प्रत्येकाची दोन टोकं गाठून साधारण साठ सेंटिमीटरचा लूप करा, मग पाचही लूपच्या गाठी एकत्र बांधून कडीला अडकवा. उजव्या हाताच्या मधल्या बोटात, अनामिकेत आणि करंगळीत एकेक लूप, डाव्या हाताच्या मधल्या बोटात आणि अनामिकेत एकेक. आता डावी तर्जनी रिकामी आहे. ती उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या लूपमधून आत घाला, करंगळीवरचा लूप आकड्यासारखा पकडा, अर्धा पीळ देऊन उलटा करा आणि त्याच वाटेने बाहेर ओढा. मग डाव्या हातावरचे तीन लूप एकेक बोट खाली सरकवा, आधी अनामिकेवरचा करंगळीवर, मग मधल्याचा अनामिकेवर, मग तर्जनीचा मधल्यावर. दोन्ही हात बाजूला ताणा म्हणजे वीण वर जाऊन घट्ट बसते. आता हेच उजव्या तर्जनीने. बस, एवढंच परत परत.

पहिला अर्धा तास बोटं गोंधळतात, सोडू नका. दोरी दोन वेगळ्या पट्ट्यांत फाटल्यासारखी दिसली तर समजा लूप उलटा करायचं राहतंय. आणि मुद्दाम एका हाताचा उलटा, दुसऱ्याचा सरळ घेतला तर चपटी रुंद पट्टी होते, फेवरसाठी ती छान दिसते. विणल्यावर लांबी कमी होते, साठच्या लूपमधून साधारण चाळीस सेंटिमीटर दोरी निघते, एका पुरचुंडीला पुरेशी. पंचवीस मीटरच्या एका लडीत चार दोऱ्या होतात, म्हणजे वीस जणांसाठी पाच लड्या आणा. शेवटी दोरी कापायच्या आधी त्या जागेच्या दोन्ही बाजूंना बारीक दोरा गुंडाळून आवळा, आधी कापलीत तर सगळी वीण उसवते.

छोट्या कापडी पट्टीवर आपलं फेअरमधलं, वेशातल्या पात्राचं नाव आणि साल टाका, पण भरतकामाने. शाईने लिहिलेलं माझं एका पावसात पूर्ण पसरलं होतं, नोव्हेंबरात तिकडे पाऊस आला की नुसता चिखल.

द्यायची पण रीत आहे. खेळ चालू असताना कलाकाराला देऊ नका, संपल्यावर द्या. दुकानदाराला गिऱ्हाईक समोर नसताना. लहान मुलांना आईबाबांना विचारून, आणि अगदी छोट्या बाळांना पुरचुंडी नकोच, लवंगा तोंडात जातात. आत काय आहे ते सांगून द्या, कुणाला वासाचा त्रास असतो. बिझनेस कार्ड जोडू नका हो, मग ती जाहिरात होते.

आणि परत काही मिळेल म्हणून थांबू नका. मागच्या वर्षी घोड्यांना पाणी देणाऱ्या एका वयस्कर बाईंना मी एक दिली, त्यांनी नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि मग बादली खाली ठेवून दोन्ही हातांनी ती पट्ट्याला बांधायला लागल्या. ओल्या बोटांनी गाठ बसत नव्हती म्हणून मी बांधून दिली.