रिसेप्टरवरून लिगंड सुटतोय? सिम्युलेशनमधल्या या चुका टाळा

वनस्पतींच्या रोगप्रतिकारक रिसेप्टरचं (रोगजंतूंची खूण ओळखणाऱ्या प्रथिनाचं) संगणकावरचं सिम्युलेशन फसलं, त्याला चिकटलेला रेणू म्हणजे लिगंड सुटला, की पहिला संशय फोर्स फील्डवर, म्हणजे अणूंमधली बलं ठरवणाऱ्या सूत्रांवर जातो. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. गडबड रन सुरू होण्याआधीच, सिस्टीम मांडताना झालेली असते.

सगळ्यात महागात पडते ती जोडीदाराला वगळण्याची चूक. अरबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपामधला एफएलएस२ हा रिसेप्टर जिवाणूंच्या शेपटीतल्या फ्लॅजेलिन या प्रथिनामधला २२ अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणजे एफएलजी२२, ओळखतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्फटिक-रचनेत (पीडीबी या प्रथिन-रचनांच्या संग्रहातला क्रमांक ४एमएन८) हा पेप्टाइड एफएलएस२च्या एलआरआर (ल्युसिनने भरलेले, पुन्हापुन्हा येणारे तुकडे) ३ ते १६ या पट्ट्यावर आडवा पसरलेला दिसतो, आणि त्याच्या सी-टोकाकडे (साखळीच्या शेवटाकडे) बीएके१ हा सह-रिसेप्टर येऊन टेकतो. अणूंची संख्या कमी व्हावी म्हणून अनेक जण बीएके१ उडवून टाकतात. मग १८व्या जागेवरच्या ग्लायसिनऐवजी टायरोसिन बसवून बघतात, एफएलएस२शी असलेल्या बंधात फारसा फरक दिसत नाही, आणि ‘म्युटेशनचा परिणाम नाही’ असं लिहून मोकळे होतात. पण ते ग्लायसिन बीएके१च्या संपर्कात असतं! तिथे बोजड साखळी आली की बीएके१ला नीट टेकता येत नाही. हे बघायचं तर तिन्ही रेणू बॉक्समध्ये हवेतच.

पीएच ७ गृहीत धरणं ही दुसरी सवय. या रिसेप्टरचा बाहेरचा भाग पेशीबाहेरच्या अपोप्लास्टमध्ये असतो आणि तिथलं वातावरण साधारण ५ ते ६ पीएचचं, म्हणजे आम्लधर्मी. हिस्टिडिन या अमिनो आम्लाचा प्रोटॉन नेमका याच टप्प्यात ये-जा करतो. ग्रोमॅक्स या सिम्युलेशन सॉफ्टवेअरचं पीडीबी२जीएमएक्स हिस्टिडिनची अवस्था हायड्रोजन बंध पाहून ठरवतं, पीएच पाहून नाही. त्यामुळे आधी प्रॉपका (पीएचनुसार प्रोटॉनचा अंदाज देणारा प्रोग्राम) चालवा आणि बंधाच्या जागेजवळचे हिस्टिडिन एकेक करून स्वतः ठरवा.

पीडीबी फाइल ‘साफ’ करताना हेटअ‍ॅटमच्या (नेहमीच्या अमिनो आम्लांखेरीज इतर अणूंच्या) सगळ्या ओळी डोळे मिटून उडवू नका. त्यात एन-ग्लायकनच्या, म्हणजे प्रथिनाला जोडलेल्या, शर्कराही जातात. काइटिन ओळखणाऱ्या सीईआरके१ या रिसेप्टरवर काम करत असाल तर लिगंडच शर्करेचा असतो, म्हणून ग्लायकॅमसारखे शर्करांसाठी बनवलेले पॅरामीटर घ्या.

एफएलजी२२ थेट ऑटोडॉक व्हिना या डॉकिंगच्या (लिगंड रिसेप्टरवर कसा बसेल याचा अंदाज बांधणाऱ्या) प्रोग्रामला देऊ नका. फिरू शकणारे बंध इतके असतात की स्कोअर देखणा आला तरी पोझवर विश्वास ठेवता येत नाही. स्फटिक-रचना हाताशी असताना डॉकिंग कशाला?

आरएमएसडी (सुरुवातीच्या रचनेपासूनचं सरासरी अंतर) एका फ्रेममध्ये अचानक कित्येक नॅनोमीटर उडाला तर घाबरू नका. लिगंड सुटलेला नसतो, बॉक्सच्या एका भिंतीतून जाऊन दुसरीकडून आत आलेला असतो. ग्रोमॅक्सच्या ट्रजकॉन्व या आदेशात पीबीसीचा (बॉक्सच्या कडा हाताळण्याचा) पर्याय आधी होल, मग नोजंप असा वापरा आणि आलेख पुन्हा काढा. त्यानंतरही अंतर हळूहळू वाढत असेल तर मात्र वरच्या मुद्द्यांकडे वळा.

एमएम-पीबीएसए या बंध-ऊर्जेच्या हिशोबाचा आकडा प्रयोगातल्या केडीशेजारी (बंध किती घट्ट हे सांगणाऱ्या मापाशेजारी) ठेवू नका. एन्ट्रॉपी बहुधा वगळलेली असते, त्यामुळे हे आकडे एकमेकांशी तुलना करण्यापुरतेच. त्या तुलनेसाठी अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या फ्लॅजेलिनमधला तोच पट्टा घ्या, कारण अरबिडॉप्सिस त्याला दाद देत नाही. दोन्ही पेप्टाइडचे वेगवेगळ्या सुरुवातीच्या वेगांनी किमान तीन-तीन रन करा. फरक एकाच रनमध्ये दिसत असेल तर तो अजून निकालात लिहू नका.