ट्रेनिंगचा उपयोग झाला का हे तपासताय? मग या चुका टाळा

ट्रेनिंग संपतं, फीडबॅक फॉर्म वाटले जातात आणि 'प्रशिक्षण कसं वाटलं?' पुढं सगळ्या जणी 'खूप छान'वर टिक करतात. पाच दिवस घर सोडून आलेली बाई, समोर ट्रेनर उभा, शेवटच्या एसटीची वेळ झालेली, ती दुसरं काय लिहिणार? पण तोच आकडा रिपोर्टमध्ये 'परिणाम' म्हणून जातो, ही सगळ्यात मोठी चूक. अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच चार पायऱ्या मांडल्यात: लोकांना आवडलं का, काय शिकले, कामावर गेल्यावर तसं करतात का, आणि त्यातून शेवटी काय बदललं. आपली गाडी बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर अडते. दुसऱ्यावर गेली तर प्री-टेस्ट पोस्ट-टेस्ट, म्हणजे ट्रेनिंगआधी आणि नंतर घेतलेली परीक्षा, तीही बऱ्याचदा ट्रेनरनं आदल्या तासाला उत्तरं सांगून घेतलेली.

आशा ताईंचं उदाहरण घेऊ, नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घ्यायचं ट्रेनिंग. पेपरात प्रश्न येतो, बाळाचा श्वास मिनिटाला किती झाला की धोका? ६० किंवा जास्त, हे सगळ्या बरोबर लिहितात. पण खरं बघायचं ते बाळाच्या घरात. ताई बाळ शांत असताना श्वास मोजतात का, पूर्ण एक मिनिट मोजतात की पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतात? नवजात बाळाचा श्वास मध्येच जलद मध्येच संथ होतो, त्यामुळं तो गुणाकार फसवतो. वजन घेताना झोळी अडकवून आधी काटा शून्यावर आणतात का? नाही आणला तर झोळीचं वजन बाळाच्या खात्यात जातं आणि कमी वजनाचं बाळ ठीकठाक म्हणून सुटतं. अशी चार-पाच ओळींची चेकलिस्ट ट्रेनिंगच्या आधीच लिहून ठेवा, नंतर लिहायला बसलात की जे चांगलं झालंय तेच मोजावंसं वाटतं.

आणि चेकलिस्ट घेऊन ट्रेनर स्वतः जाऊ नका, साहेबांची गाडी घेऊन तर अजिबात नको. आशा ताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताई नेहमीच्या भेटीत बघतील ते जास्त खरं असतं. तेही दुसऱ्या आठवड्यात बघून उपयोग नाही, तेव्हा सगळं आठवत असतं, दोन-तीन महिने जाऊ द्या.

आता तुलनेचं. 'आधी इतकं होतं, आता इतकं झालं' एवढ्यावर श्रेय घेऊ नका, कारण मधल्या काळात नवी ॲम्ब्युलन्स आली असेल, ऋतू बदलला असेल. कामात सगळ्यात मागं पडलेल्यांनाच निवडून ट्रेनिंग दिलं असेल तर त्यातले काही जण तसेही थोडे वर आलेच असते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचं काम केलं आणि ४७ गावं तुलनेला ठेवली, जन्म-मृत्यूच्या नोंदी दोन्हीकडं, त्याही काम सुरू व्हायच्या आधीपासून. म्हणून १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते ठामपणे मांडू शकले की तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी कमी झाला. आणि हे नुसत्या ट्रेनिंगचं फळ नव्हतं हेही लक्षात घ्या, मागं औषधं होती, साहित्य होतं, नियमित देखरेख होती.

छोट्या संस्थेला एवढं झेपणार नाही, मान्य आहे. पण दोन बॅच असतील तर पहिल्या बॅचआधी दोन्ही बॅचच्या ताईंचं काम बघून ठेवा, दुसरी बॅच तीन महिन्यांनी घ्या आणि ती घ्यायच्या आधी दोन्हींचं परत बघा, म्हणजे ट्रेनिंग न झालेली दुसरी बॅच तुलनेला मिळते. जादा खर्च फार येत नाही. कुठल्या बॅचमध्ये कोण येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवलंत तर अजून बरं.

आता आकडे विचित्र आले तर काय करायचं? पोस्ट-टेस्टच खराब असेल तर ट्रेनिंगमध्येच गडबड आहे, भाषा, वेळ, प्रॅक्टिस तपासा. पोस्ट-टेस्ट छान पण घरभेटीत काहीच दिसत नाही, तर लगेच 'रिफ्रेशर' लावू नका, आधी ताईंची पिशवी उघडून बघा. थर्मामीटरचा सेल संपलेला असतो, वजनकाटा अडकत असतो, नाहीतर त्याच आठवड्यात चार सर्वे डोक्यावर दिलेले असतात. अशा ताईंना परत हॉलमध्ये बसवून तेच शिकवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, मला याचा खरंच राग येतो. काम नीट होतंय पण शेवटचा आकडा हलत नाही, तर दोन शक्यता: अजून पुरेसा वेळ गेलेला नाही, किंवा अडचण पुढच्या टप्प्यावर आहे, म्हणजे ताईंनी धोका ओळखून बाळ पाठवलं पण दवाखान्यात रात्री कुणी नव्हतं. मग तसंच लिहा रिपोर्टमध्ये, आणि ज्यांच्या हातात दवाखाना आहे त्यांच्याकडं तो पाठवा.