अधिवेशनासाठी नागपुरात आल्यावर मोकळ्या वेळात शहर कसे पाहावे

नागपूरला अधिवेशनांची सवय जुनी आहे. असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब करणारे काँग्रेसचे अधिवेशन डिसेंबर १९२० मध्ये येथेच भरले, १९५३च्या नागपूर करारानंतर विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे घेण्याची प्रथा पडली आणि जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८वे अधिवेशनही याच शहरात झाले. तरीही बाहेरगावचे बहुतेक प्रतिनिधी सभागृह, हॉटेल आणि विमानतळ एवढेच पाहून परततात, याची खंत वाटते. अधिवेशनात मोकळा वेळ मिळतो, पण तुकड्यातुकड्यांनी मिळतो, आणि कोणत्या तुकड्यात काय बसते हे आधी ठरवलेले नसते. ते ठरवण्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल.

पहिली पायरी: तारखा आणि मुक्काम

कार्यक्रमपत्रिका हाती येताच मोकळ्या वेळा अधोरेखित कराव्यात आणि त्याच दिवसांत शहरात आणखी काय आहे ते पाहावे. हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात असते. त्या काळात खोल्या मिळणे कठीण जाते आणि विधानभवनाच्या परिसरातील वाहतूक वळवलेली असते. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो अनुयायी शहरात येतात, त्यामुळे मुक्कामाची सोय बरीच आधी करावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी दहानंतर आणि सायंकाळी पाचपूर्वी उघड्यावरचे काहीही ठरवू नये.

मुक्काम शक्यतो मेट्रोच्या स्थानकाजवळ घ्यावा. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर अशा दोन मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात, त्यामुळे बर्डीच्या आसपास राहणाऱ्याला शहराच्या चारही दिशा मोकळ्या होतात. स्थापत्य अभियांत्रिकीत रस असणाऱ्यांनी कस्तुरचंद पार्कच्या पुढे गड्डीगोदामपर्यंत जरूर जावे. तेथे रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो हे चारही एकावर एक उभे आहेत.

दुसरी पायरी: एक सकाळ दीक्षाभूमीसाठी राखून ठेवावी

नागपुरात एकच ठिकाण पाहायचे असेल, तर ते दीक्षाभूमी हेच असावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, आणि आधुनिक भारताच्या सामाजिक इतिहासात या तोडीची घटना दुसरी दाखवणे अवघड आहे. सांचीच्या स्तूपावरून प्रेरणा घेतलेल्या येथील भव्य स्तूपाचे उद्घाटन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते डिसेंबर २००१ मध्ये झाले. सांचीचा स्तूप भरीव आहे, हा मात्र आतून पोकळ आहे. घुमटाखालच्या दालनात बुद्धमूर्तीसमोर बसता येते. परिसरात श्रीलंकेतील अनुराधापुराहून आणलेल्या रोपाचा बोधिवृक्ष वाढलेला आहे आणि बाबासाहेबांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञा स्तंभावर कोरलेल्या आहेत. छायाचित्र काढून पुढे सरकण्याची घाई न करता त्या प्रतिज्ञा क्रमाने वाचाव्यात. या जागेचे मोल त्या वाचल्यावरच उमगते. सकाळी लवकर गेल्यास गर्दी कमी असते. आत शिरण्यापूर्वी पादत्राणे बाहेर काढावीत आणि आवाज खाली ठेवावा, कारण आजूबाजूची मंडळी सहलीला आलेली नसून वंदनेसाठी आलेली असतात.

तिसरी पायरी: दोन तासांच्या फटीत बसणाऱ्या जागा

जेवणाची सुटी लांबली किंवा एखादे सत्र आपल्या विषयाचे नसले, तर सिव्हिल लाइन्सचा परिसर पुरेसा आहे. १९०७ सालच्या सर्वेक्षणाची खूण असलेला झिरो माईलचा स्तंभ विधानभवनापासून जवळच आहे. तेथील घोड्यांच्या शिल्पांकडे सर्वांचे लक्ष जाते, पण हैदराबाद, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा अशा गावांची मैलांतील अंतरे दगडावर कोरली आहेत, तीही थांबून वाचावीत. तेथून जवळच १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय आहे. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात, त्यामुळे ऑटोवाल्याला तेच नाव सांगावे. विदर्भातील प्राचीन शिल्पे, शिलालेख आणि आदिवासी जीवनाची दालने पाहण्यास दीड तास लागतो. सोमवारी संग्रहालय बंद असते.

सीताबर्डीचा किल्ला १८१७च्या भोसले-इंग्रज लढाईमुळे प्रसिद्ध असला, तरी तो सैन्याच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच सर्वांसाठी खुला होतो. इतर दिवशी त्याचा बेत आखू नये.

चौथी पायरी: एक न्याहारी आणि एक जेवण हॉटेलबाहेर करावे

न्याहारी तर्री पोह्यांचीच करावी, आणि तीही ठेल्यावर उभे राहून. बशीत आधी वाफाळते पोहे पडतात, त्यांवर उकडलेले चणे आणि मग मोठ्या पातेल्यातून पळीभर लालभडक तर्री. शेवटी बारीक चिरलेला कांदा, शेव आणि लिंबू. तर्री सगळी एकदम न कालवता कडेकडेने घ्यावी, म्हणजे पोहे भिजून लगदा होत नाहीत. कस्तुरचंद पार्कच्या आसपास सकाळी अशा ठेल्यांवर गर्दी असते; जेथे पातेले लवकर रिकामे होते, तो ठेला निवडावा.

सावजी जेवण हलबा कोष्टी समाजाच्या स्वयंपाकघरातून शहरभर पसरले. भाजलेल्या मसाल्यांचा काळपट रस्सा आणि वर तेलाचा तवंग ही त्याची खूण. मटण आणि कोंबडी प्रसिद्ध असली, तरी शाकाहारी पाहुण्यांनी पाटोडी रस्सा किंवा डाळकांदा मागवावा. त्यात काहीही उणे वाटणार नाही. तिखट कमी हवे असल्यास ते मागवतानाच सांगावे, सोबत भाकरी घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपला निबंध वाचायचा असेल तर हे जेवण त्यानंतरच्या रात्रीवर ढकलावे. ओळखीच्या घरी आमंत्रण मिळाले, तर वडाभात किंवा कोथिंबिरीच्या सारणाची सांबारवडी यांची मोकळेपणाने फर्माईश करावी. यजमानांना त्याचा आनंदच होतो.

जेवणापूर्वीची सायंकाळ फुटाळा तलावाच्या काठावर घालवता येते.

पाचवी पायरी: एक दिवस जास्तीचा मिळाला तर

एका दिवसात एकच दिशा धरावी. रामटेक, सेवाग्राम आणि पेंच हे तिन्ही एका दिवसात कोंबण्याचे बेत पाहुणे हमखास करतात, आणि मग सारा दिवस गाडीतच जातो.

रामटेक सुमारे ५० किलोमीटरवर, जबलपूरच्या दिशेने आहे. कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. गडावरील राममंदिर सर्वजण पाहतात, पण त्याच टेकडीवरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन छोटी मंदिरे बहुतेकांच्या नजरेतून निसटतात. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी ती विचारून विचारून शोधावीत. माकडांपासून खाऊच्या पिशव्या आणि चष्मे सांभाळावेत.

सेवाग्राम सुमारे ७५ किलोमीटरवर, वर्ध्याजवळ आहे. गांधीजी १९३६ मध्ये तेथे राहावयास आले. माती, बांबू आणि कौलांची बापूकुटी आजही जपलेली आहे. वाटेत धाम नदीकाठी पवनारचा विनोबांचा आश्रम लागतो, तेथे अर्धा तास अवश्य थांबावे.

पेंचच्या सिल्लारी प्रवेशद्वारातून सफारी करायची असेल, तर ऑनलाइन आरक्षण फार आधी करावे, मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते हे ध्यानात घ्यावे. अर्धाच दिवस हाती असेल, तर शहराच्या वेशीवरील गोरेवाड्याची बंद गाडीतील सफारी हा पर्याय आहे. मात्र जंगलात वाट पाहत बसण्याचा अनुभव तेथे मिळत नाही.

सहावी पायरी: परतीची खरेदी

संत्री हंगामातच घ्यावीत. आंबिया बहाराची संत्री साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरात येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. फळ हातात जड लागले पाहिजे. सालीचा रंग थोडा हिरवट असला तरी चालतो. प्रवास लांबचा असल्यास पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून घ्यावीत, कारण बंद प्लास्टिकमध्ये घाम धरून ती सडतात. हंगाम नसेल तेव्हा संत्रा बर्फी घ्यावी, मात्र ती किती दिवस टिकेल हे दुकानात विचारून घ्यावे.