पोटावर टाका नाही, तरी आतडं अडकलंय: नव्या सर्जरी रेसिडेंटसाठी

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या कॅज्युअल्टीत आतडं अडकलेले पेशंट नेमाने येतात. बहुतेकांना कारण असतं ते जुन्या ऑपरेशनचे ॲडहेशन्स (आतड्यांना चिकटलेले पट्टे), नाहीतर जांघेतला हर्निया. पण पोटावर टाका नाही, जांघ मोकळी, आणि पेशंट सांगतोय, "जेवलं की बेंबीभोवती पीळ पडतो, मग आपोआप सुटतो", तर ॲसिडिटीच्या गोळ्या लिहिण्याआधी इंटर्नल हर्निया आठवा, म्हणजे पोटाच्या आतच एखाद्या फटीत किंवा पिशवीत आतडं शिरून अडकणं. वजन घटवायला जठराचा बायपास झालेल्यांत तो आणखी आठवा. मेसेंटरीतली, म्हणजे आतडं आणि त्याच्या रक्तवाहिन्या धरणाऱ्या पडद्यातली, चरबी झडली की फटी रुंदावतात.

सीटी कळ चालू असतानाच काढा, शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन. कळ ओसरली की आतडं जागेवर परततं आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. प्लेट बघताना आतड्याआधी रक्तवाहिन्या शोधा. जठर आणि स्वादुपिंडाच्या मध्ये पिशवीत बांधल्यासारखे लूप्स, पिशवीच्या पुढच्या कडेवर इन्फिरिअर मेसेंटेरिक व्हेन: डावा पॅराड्युओडेनल (ड्युओडेनमशेजारच्या पिशवीतला) हर्निया, जन्मजात प्रकारांत सगळ्यांत जास्त आढळणारा. मेसेंटरीला भोवरा, म्हणजे पीळ, दिसला तर सकाळची वाट बघू नका.

भूल देण्याआधी रायल्स ट्यूबने (नाकातून जठरात जाणारी नळी) जठर रिकामं करा. पोट उघडल्यावर फुगलेल्या लूप्सना हात घालायचा मोह होतो; तिथेच आतडं फाटतं. इलिओसीकल जंक्शन (लहान आतडं मोठ्याला मिळतं ती जागा) पकडा, रिकामं आतडं मोजत मागे या. अडकलेलं हलकेच सोडवा, ओढू नका. निघत नसेल तर हर्नियाचं तोंड रुंद करावं लागतं, आणि खरी परीक्षा इथेच आहे. डाव्या प्रकारात कडेवरची व्हेन वेळ पडल्यास बांधता येते. उजव्या पॅराड्युओडेनलमध्ये कडेला सुपिरिअर मेसेंटेरिक आर्टरी असते. तिला धक्काही नको, उजवा कोलन बाहेरच्या बाजूने सोडवून पिशवी उघडा. विन्स्लोच्या फोरामेनमध्ये (यकृताखाली, जठरामागच्या पोकळीत जाणारं नैसर्गिक तोंड) आतडं अडकलं असेल तर पुढची कड म्हणजे पोर्टल व्हेन, पित्तनलिका आणि हिपॅटिक आर्टरी. ती कापायचीच नाही. कोखर करून (ड्युओडेनम बाहेरच्या बाजूने सोडवून) जागा मिळवा, फुगलेला लूप सुईने रिकामा करा.

काळपट आतड्यावर कोमट सलाईनचे मॉप ठेवून १०-१५ मिनिटं थांबा. रंग, हालचाल आणि मेसेंटरीतली नाडी परतली नाही, तरच कापा. मेसेंटरीची फट न विरघळणाऱ्या धाग्याने बंद करताना टाका पेरिटोनियमपुरताच घ्या. खोल गेला तर रक्तवाहिनी आवळते. आतडं कापलं असेल तर उरलेली लांबी सेंटिमीटरमध्ये ऑपरेशन नोटमध्ये लिहा. २०० च्या खाली असेल तर डाएटिशियनला त्याच दिवशी बोलवा.